सातव्या ग्रीनवर, वाऱ्याखालून

३ एप्रिल

जांभळीच्या पाड्यावरच्या बंधूंनो आणि भगिनींनो! शेतावर, बाजाराला आणि एस.टी.च्या थांब्यावर जायला तुमची-माझी एकच वाट आहे. ती गोल्फ क्लबच्या मैदानातून जाते, म्हणून पावसाआधी तिला कुंपण पडणार आहे. खरं तर वाट मैदानातून जात नाही, मैदान वाटेवरून गेलं आहे. पण आधी कोण आलं हे विचारणाऱ्याला हल्ली विकासाचा शत्रू म्हणतात.

टाळ्या नाहीत. वही टाळ्या वाजवत नाही, हा तिचा मोठा दोष.

शहापूरच्या घशाच्या डॉक्टरांनी काल नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी आल्यात म्हणे. पावसाळा लागेपर्यंत भाषण नाही, घोषणा नाही. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढंच बोलायचं. मी विचारलं, "आणि कुजबुज?" ते म्हणाले, "कुजबुज आणखी वाईट." म्हणजे चळवळीचे दोन्ही मार्ग बंद.

माझे यजमान मनोज दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मुरबाड आगारात कंडक्टर आहेत, त्यामुळे कुठलीही बातमी तिकीट फाडावं तशी शांतपणे घेतात. डॉक्टरांचं ऐकून मात्र त्यांनी खाली मान घातली आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. घरी येताना म्हणाले, "मग लिहून काढ. वहीला कान नसतात."

म्हणून ही वही.

४ एप्रिल

मूळ प्रकरण लिहून ठेवते. इतिहास नेहमी जिंकणारे लिहितात. आपण निदान आगाऊ लिहावा.

होळीनंतर देवळापुढे क्लबने सभा घेतली. क्लबचे कॅप्टन आले होते. या माणसाने जहाज सोडाच, काळू नदीतली होडीही कधी चालवलेली नाही, पण कॅप्टन. त्यांनी सांगितलं की वाटेवरच्या लोकांना चेंडू लागू नयेत म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने वाट बंद करणं भाग आहे. बैल मारका आहे म्हणून शेजाऱ्याला दावणीला बांधायचं, असा तो प्रस्ताव होता. सोबत प्रत्येकाला एक टोपी फुकट.

मी उठले. वहिवाटीच्या हक्कापासून सुरुवात केली, जगातल्या दोन क्रांत्यांवरून आले आणि गायरानात पोचले. लोक टोप्या घालून ऐकत होते. मग माझी नजर कॅप्टनांच्या हातातल्या त्या चकचकीत काठीवर गेली आणि मी म्हणाले, "आणि हा काय खेळ म्हणायचा? काठीने चेंडू मारणं! आमच्यातली कुणीही बाई महिनाभरात तुमच्या नाकावर टिच्चून मारून दाखवील! मी दाखवीन!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांचा हाच घोळ आहे, त्या चुकीच्या वाक्यालाही पडतात.

कॅप्टन हसले. "मॅडम, एक मेला आमचा चषक आहे. तुम्हीही या. सातव्या ग्रीनवर तीन चेंडू मारा. तीनातला एक जरी ग्रीनवर थांबला, तरी कुंपण रद्द. नाही थांबला, तर कुंपणाला तुमचा विरोध संपला. मंजूर?"

ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं ते बारीक कातरलेलं गवत. आमच्या अंगणाइतकं असेल. मी म्हणाले, "मंजूर!" तेव्हा आवाज होता.

आता आवाज नाही, आणि काठी धरता येत नाही.

७ एप्रिल

हनुमानकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. हनुमान म्हणजे माझा सख्खा दीर. तो क्लबमध्ये कॅडी-मास्तर आहे. कॅडी म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, आणि कॅडी-मास्तर म्हणजे अशा वाहणाऱ्यांना हाकणारा. क्लबची टोपी तो लग्नातही काढत नाही, हळदीलाही नाही. गेल्या वर्षीच्या सभेत मी त्याला नाव घेऊन 'घरभेदी' म्हटलं होतं. तो समोरच बसला होता आणि त्याने टाळी वाजवली होती. नंतर म्हणाला, "वाक्य चांगलं होतं, वैनी."

आज ओट्यावर बसून माझी व्यथा ऐकताना तो इतका खूश दिसत होता की कानाखाली एक द्यावीशी वाटली.

"शिकवीन," तो म्हणाला. "आख्ख्या क्लबात माझ्याएवढा काठी फिरवायचा स्विंग कुणाला कळत नाय. साहेब लोक पैसे भरून मास्तर बोलावतात, मंग हळूच मला इचारतात. पन एक अट हाय."

"कोणती?"

"मी बोलायचं. तुमी गप ऱ्हायचं."

"डॉक्टरांनी तेच सांगितलंय."

"डाक्टर शाना हाय."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अरं, पन ही गप ऱ्हायची तं आमाला घरात करमंल कसं?" आणि मायलेक दोघं हसले. याला म्हणतात जनाधार.

१० एप्रिल

पहिला दिवस. कापणी झालेलं आमचं खाचर, भाताची खुंटं, बांधावर सासूबाईंच्या कोंबड्या. हनुमानने सात नंबरची जुनी लोखंडी काठी आणली. मी खराट्यासारखी धरली. तो म्हणाला, "झाडायचं नाय, मारायचं हाय." मग मी कुऱ्हाडीसारखी धरली. तो म्हणाला, "फोडायचं बी नाय."

दिवसभरात मी चेंडूपेक्षा मातीच जास्त मारली. नांगरणीची मजुरी वाचली, एवढी जमेची बाजू.

१३ एप्रिल

आज लागला! खाडकन् आवाज आला आणि चेंडू वर गेला, असा वर गेला की घारीने वाट सोडावी. मी दोन्ही हात वर केले. सिद्धगडाच्या माथ्याएवढा उंच वाटला मला.

हनुमानने चिमूटभर माती हवेत सोडून पाहिली.

"काय रे? तोंड का वाकडं?"

"सकाळ हाय, वारा नाय. म्हनून बरा गेला. तुमची पाळी दुपारची हाय, वैनी. सातव्या ग्रीनला पाठ सिद्धगडाला आनि तोंड पश्चिमेला. दुपारी समुद्राकडनं वारा निघतो तो डायरेक तुमच्या थोबाडावर."

"मग जास्त जोरात मारीन."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचं डोकं मी आज प्रथमच पाहिलं. टक्कल पडायला लागलंय.

१४ एप्रिल

दरवर्षी आज मुरबाडला माझं भाषण असतं. यंदा श्रोत्यांत बसले. वक्ता नवखा होता. त्याने तीन वाक्यांत जे सांगितलं, त्याला मी पाऊण तास घेते. लोकांना त्याचं जास्त समजलेलं दिसलं. अनुभव कमी, दुसरं काय.

१६ एप्रिल

आजपासून दुपारी सराव. जे घडलं ते लिहायला लाज वाटते, पण ही वही आहे, प्रेस नोट नव्हे.

पश्चिमेचा वारा तोंडावर होता. मी सगळ्या ताकदीने मारला. चेंडू सुटला, वर चढला, आणखी चढला, मग हवेत उभा राहिला. खरंच उभा राहिला. आणि मागे आला. माझ्यापासून फार तर वीस पावलांवर कोंबड्यांत पडला.

"फोडलात!" हनुमान ओरडला. कोंबडीला म्हणत होता की मला, कळलं नाही.

मग त्याने प्रवचन दिलं, तेही हात पाठीमागे बांधून, मी देते तशा थाटात. वाऱ्यात जेवढा जोर लावावा तेवढा चेंडू स्वतःभोवती गरागरा फिरतो. जेवढा फिरतो तेवढा वर चढतो. आणि वर गेला की तो वाऱ्याचा, आपला नाही. "वारा असला का हळू मारायचा आनि खालून काढायचा, वैनी. वाऱ्याच्या काखंतून."

मी त्याला सांगितलं की हे तत्त्व मुळातच शरणागतीचं आहे. विरोध वाढला की आवाज चढवायचा असतो. जगात कुठलाही बदल हळू मारून झालेला नाही.

तो म्हणाला, "बरं. मंग कोंबडीला इचारा."

१९ एप्रिल

काय करायचं ते लिहून घेतलं, त्याच्याच शब्दांत. चेंडू पुढच्या पायापाशी नाही, मागच्या पायाकडे ठेवायचा. काठी दोन बोटं खाली धरायची. हात चेंडूच्या पुढे, अंगाचा भार पुढच्या पायावर, तो शेवटपर्यंत तिथेच. सातऐवजी पाच नंबरची काठी घ्यायची, कारण तिचं पातं कमी आडवं, म्हणून चेंडू कमी उडतो. काठी मागे नेताना खांद्यावर नाही न्यायची, अर्ध्यावर थांबवायची. आणि मारून झाल्यावर हात आकाशात उडवायचे नाहीत, कमरेएवढ्यावर थांबवायचे.

शेवटचं मला जमत नाही. माझे हात आपोआप वर जातात.

"तुमी चेंडू मारून सभेला नमस्कार करताव," हनुमान म्हणतो. "इथं सभा नाय. हात खाली."

आज त्याने मागे उभं राहून माझी दोन्ही मनगटं धरून ठेवली. सासूबाई बांधावरून म्हणाल्या, "अरं सोड तिला, चावंल!"

२२ एप्रिल

काही नाही. एकही धड नाही. कुंपणाचे सिमेंटचे खांब ट्रकमधून उतरवून क्लबच्या फाटकाशी रचलेत. कॅप्टनांना निकालाची फारच खात्री दिसते.

२३ एप्रिल

सासूबाईंचं अर्थशास्त्र आज समजलं. त्या रोज वाटेने वरच्या शेताकडे जातात, राबासाठी पालापाचोळा आणायला. वाटेवर साहेबांचे भरकटलेले चेंडू पडलेले असतात. ते उचलून ओच्यात घालतात आणि डझनाच्या भावाने हनुमानला विकतात. हनुमान ते क्लबला विकतो. क्लब ते साहेबांना विकतो. साहेब ते पुन्हा वाटेवर मारतात. पाड्यावरच्या सगळ्याच बायका हे करतात. त्यांचा कायदा एकाच ओळीचा आहे: वाटेवर आला तो वाटसरूचा.

एवढी शोषणविरहित व्यवस्था मी पुस्तकातही वाचलेली नाही.

"डोक्यावर एवढा भारा, मग वाकून उचलता कशा?" मी विचारलं.

त्यांनी दाखवलं. पायाच्या बोटांत चेंडू धरला, गुडघा वर घेतला, हाताने काढला, ओच्यात टाकला. डोक्यावरचा हंडा हललाही नाही.

"वाकायला कशाला लागतं गो?" म्हणाल्या.

२५ एप्रिल

आज पाड्याने राब भाजला. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर पाला आणि शेण पसरून जाळतात, दर चैत्र-वैशाखात, बापजाद्यांपासून. क्लबकडून निरोप आला की धुरामुळे सदस्यांच्या खेळात व्यत्यय येतो, तरी राब संध्याकाळी सहानंतर भाजावा. वाऱ्याला मात्र निरोप गेलेला दिसत नाही.

मी सराव करत होते. धूर बांधालगत सरपटत होता, सरळ, जवळजवळ शांत. माणसाच्या डोक्याच्या वर गेला की एकदम मोडत होता, फाटत होता, सिद्धगडाच्या दिशेने पळत होता. मी बराच वेळ बघत उभी राहिले. मग पाच नंबरची काठी घेतली, भार पुढच्या पायावर टाकला आणि अर्ध्या हाताने मारला.

चेंडू धुराच्या खालच्या थरातून गेला, कमरेच्या वर फारसा उठलाच नाही. पलीकडच्या बांधावर आपटून आणखी पुढे पळाला.

हनुमानने टोपी उलटी करून घातली. हा बहुधा त्याच्या धर्मातला सर्वोच्च सन्मान असावा.

मी विचारलं, "आता पोचेल ना ग्रीनवर?"

"सातव्याचं गवत पानी मारून मऊ केलेलं असतं," तो म्हणाला. "खालनं आलेला चेंडू तिथं चिकटतो. आपली वाट मात्र टनक हाय, आनि ती थेट ग्रीनच्या कुशीला जाते. वाटंवर टिपला, तं धावंल."

"नियमात बसतं?"

तो दूर बघत म्हणाला, "कॅप्टनसाहेब बायकोपरीस नियमाला भितात. नियमाचं त्यांना इचारायचं."

२८ एप्रिल

संशय लिहिते. काल मनोजनी एस.टी.तून पाहिलं, हनुमान आणि कॅप्टन वाटेच्या कडेला उभे होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना क्लबने पूर्वीच पांढऱ्या खुंट्या ठोकल्यात, त्यातल्या पडलेल्या खुंट्या हनुमान पुन्हा सरळ करत होता. कॅप्टन मान डोलवत होते.

म्हणजे दुपारी मला शिकवायचं आणि संध्याकाळी कुंपणाची आखणी करायची! मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "खुंट्या वाकड्या झालेल्या. साहेबांना म्हनलं, चषकाला बरं नाय दिसत. ते लई खूश झाले."

घरभेदी हा शब्द मी मागे घ्यायच्या बेतात होते. बरं झालं, घेतला नाही.

मनोज म्हणाले, "तुला पाहिजे तर उद्यापासून सराव बंद कर." नाही केला. काठी आता हाताला लागली आहे, आणि शिकवणारा गद्दार असला म्हणून शिकवलेलं खोटं होत नाही.

१ मे

हरले.

सविस्तर लिहिते, पराभवाचाही दस्तऐवज असावा.

चषक सकाळपासून चालू होता. पांढऱ्या छत्र्या, लिंबू सरबत, कामगार दिनाच्या शुभेच्छांचा फलक आणि त्याखाली पिशव्या वाहणारे कामगार. चषक एका निवृत्त न्यायाधीशांना मिळाला. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा एक चेंडू सकाळी बाद धरला गेला होता म्हणे, म्हणून अगदी थोडक्यात जिंकले. फोटो झाले. मग कॅप्टनांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, "आता थोडी करमणूक!" करमणूक म्हणजे मी.

पाड्यावरचे लोक खुंट्यांच्या पलीकडे उभे होते, टोप्या घालून. वारा तोंडावर. माझा पदर मागे झेंड्यासारखा फडफडत होता.

पहिला चेंडू. मी लोकांकडे पाहिलं, ही चूक झाली. एवढी माणसं पाहिली की माझ्या अंगात येतं. सगळी ताकद लावली. चेंडू चढला, उभा राहिला, मागे वळला. छत्र्यांखालून हसणं आलं. कॅप्टन माइकवर म्हणाले, "मॅडमचा चेंडूही मोर्चा घेऊन परत आला!"

दुसऱ्या चेंडूवर मी त्या वाक्याचं उत्तर मारलं. तो नुसता टोकाला लागून गवतात घरंगळला.

हनुमान पिशवी धरून शेजारी उभा होता. त्याने पाच नंबरची काठी दिली आणि फक्त म्हणाला, "वैनी, गप."

मी मागच्या पायाकडे चेंडू ठेवला. काठी दोन बोटं खाली धरली. कुणाकडे पाहिलं नाही. अर्ध्यावर नेली, आणली, कमरेशी हात थांबवले. थांबले! चेंडू गवताच्या शेंड्यांवरून गेला, वाऱ्याला पत्ताच नाही. वाटेवर टिपला, टण्ण वाजला आणि वाटेवरून पळायला लागला, चढावर, थेट ग्रीनकडे. लोक ओरडायला लागले. छत्र्यांखालचेसुद्धा उठले. आणखी दहा-बारा हात आणि तो ग्रीनवर चढणार.

आणि समोरून, डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन, सासूबाई येत होत्या. सामना बघायला नव्हे, त्यांना कामं असतात. त्यांनी पळत येणारा चेंडू पायाने दाबला, बोटांत धरला, गुडघा वर घेतला, ओच्यात टाकला. चाल मोडली नाही. माझ्या शेजारून जाताना म्हणाल्या, "उन्हात कशाला गो उभी?"

एक जाडजूड साहेब पुढे येऊन म्हणाले, "कॅप्टन, तो ग्रीनवर जातच होता. बाईंना देऊन टाका." दुसऱ्यांनीही माना डोलावल्या. खेळाडू वृत्ती यांच्यातही निघावी, हे मला मानवलं नाही.

कॅप्टन मात्र लालबुंद झाले. माइक तोंडाशी धरून ओरडले, "अजिबात नाही! पांढऱ्या खुंट्या दिसत नाहीत? वाट कोर्सच्या बाहेर आहे! ती जागा क्लबची नाही! वाटेला शिवला तिथेच चेंडू बाद! सकाळीही याच वाटेवरचा चेंडू बाद दिला, त्यावर चषक दिला. नियम म्हणजे नियम!" कुणी तरी पुन्हा काही म्हणालं. ते पुन्हा गरजले, "वाट आमची नाही म्हणजे नाही!" कर्ण्यांतून ते पाड्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

बाद! महिनाभर आवाज सांभाळून ठेवला होता तो मी तिथेच खर्च केला. लबाडी, भांडवलशाही, इतिहासाचा न्याय, सगळं आलं. पण आवाज चिरकला आणि जे निघालं ते वाऱ्याने सिद्धगडाकडे नेलं. लोक माझं ऐकतच नव्हते, एकमेकांशी कुजबुजत होते. हनुमान खाली मान घालून हसत होता. माझा पराभव बघून हसत होता! फितूर तो फितूरच.

तीन चेंडू, ग्रीनवर एकही नाही. मी शब्द दिला होता. वाट गेली.

२ मे

घसा पूर्ण बंद. दार लावून बसले. पाड्यावरची रखमी बाहेरून हाक मारून गेली, "दामिनीताय, ये गो वाटंवर, मजा हाय." माझ्या दुःखात यांना मजा सुचते. गेले नाही. या समाजाला जागं करण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याबद्दल दुपारभर खेद केला.

३ मे

लिहायला हात धजत नाही, पण लिहिलं पाहिजे.

संध्याकाळी मनोज ड्यूटीवरून आले. मी कोपऱ्यात. ते म्हणाले, "अजून सुतक संपलं नाही? अगं, कुंपणवाले काल परत गेले."

काल कंत्राटदाराची माणसं खांब घेऊन आली होती. रखमी आणि पाचसहा बायका भारे घेऊन वाटेत उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. रखमी म्हणाली, "दादा, तुमच्याच साहेबांनी माईकवर सांगितलं, ही जागा क्लबची नाय. मंग खड्डा कुनाच्या जागेत काढताव? त्याची चिठ्ठी आना, मंग काढा." मुकादमाने कॅप्टनांना फोन लावला. कॅप्टन काय बोलणार? वाट क्लबची आहे म्हणावं, तर तिच्यावर पडलेला सकाळचा चेंडू बाद नव्हता, आणि न्यायाधीशांच्या घरी जाऊन चषक परत मागावा लागतो. वाट क्लबची नाही म्हणावं, तर खांब रोवता येत नाहीत. पुढचा तासभर त्यांचा फोन लागला नाही म्हणे. मुकादमाने चहा घेतला आणि खांब परत ट्रकमध्ये चढवले.

"हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"परवाच. कॅप्टन माइकवर ओरडला तेव्हाच. सगळ्यांनाच कळलं. तू भाषण करत होतीस."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "हनुमानला काल येऊ नको म्हनून सांगितलं क्लबानं. वैनीला शिकवलंस, म्हने."

तो ओट्यावर बसला होता. टोपी नव्हती. मी जाऊन शेजारी बसले. शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, "त्या खुंट्या तू मुद्दाम..."

"मी कॅडी," तो म्हणाला. "आमी काठी देतो. मारनारा येगळा असतो." मग म्हणाला, "पन हात कमरेशी थांबले तुमचे. झकास थांबले."

मी 'घरभेदी' शब्द मागे घेतला, आणि तोही हळू आवाजात. त्याने पुन्हा एकदा सांगायला लावला. ऐकू आला नाही म्हणाला.

५ मे

क्लब हरला असं समजणाऱ्यांनी क्लब ओळखला नाही. आज सकाळी पाड्याच्या तोंडाशी नवा पांढरा टेम्पो उभा होता. 'ग्रामस्थांच्या सोयीसाठी, विनामूल्य.' डोंगराला वळसा घालून एस.टी.च्या थांब्यावर सोडतो आणि बाजारच्या दिवशी ओझ्यासकट परत आणतो. आत पंखासुद्धा आहे. कॅप्टन स्वतः हार घालायला आले होते.

मनोज म्हणाले, "फुकट प्रवास म्हटला की मला दंडाचं पुस्तक आठवतं."

हनुमानने सरळ सांगितलं, "दोन पावसाळे टेम्पो. वाटंवर गवत वाढंल, करवंद माजंल. मंग एक दिस कुनी तरी येऊन इचारील, इथं वाट होती कुठं? आनि त्याच दिशी टेम्पो बंद."

आजच टेम्पो दोन वेळा भरून गेला. भरणारे माझेच लोक होते, टोप्या घातलेले. सासूबाई मात्र चालत गेल्या. "पंख्यानं डोकं धरतं," म्हणाल्या.

घसा अजून बसलेलाच आहे. सभा घेता येणार नाही. घ्यायचीही नाही. आज दिवे लागायच्या आधी हनुमान आणि मी घरोघर जाणार आहोत. प्रत्येक ओट्यावर बसायचं आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच बोलायचं. त्यासाठी लिहून ठेवते, म्हणजे हात वर जाणार नाहीत:

बंधूंनो, भगिनींनो, दोन क्रांत्या आणि वहिवाटीचा कायदा आज राहू द्या. टेम्पो उद्या सकाळी सातला येईल. त्यात बसू नका. चपला घाला, भारा घ्या, आणि वाटेने चालत जा.